कुकी चपटी का होते? वेष्टनावर न आलेल्या एका सूचनेचा इतिहास

१/
एकाच पाककृतीने केलेल्या कुकीज एका घरात जाड आणि मऊ निघतात. दुसऱ्या घरात त्याच कुकीज ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात आणि कडेने करपतात. दोष बहुधा ओव्हनला दिला जातो, नाहीतर करणाऱ्याच्या हाताला. चॉकलेट चिप कुकीच्या बाबतीत मात्र या दोषाचे एक कारण छापील कागदावर सापडते. ज्या स्त्रीने ही कुकी घडवली, तिने कुकी फार पसरू नये यासाठी काय करावे हे लिहून ठेवले होते. चॉकलेटच्या वेष्टनावर पाककृती छापली गेली तेव्हा ती सूचना त्यात नव्हती. त्या सूचनेचा आणि कुकीच्या जाडीचा हा इतिहास.

२/
‘कुकी’ हा शब्द मूळचा डच. डच भाषेत ‘कूक’ म्हणजे केक आणि ‘कूक्ये’ म्हणजे लहानसा केक. सतराव्या शतकात आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरात डचांची न्यू नेदरलँड ही वसाहत होती. १६६४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. सत्ता गेली, पण स्वयंपाकघरातला शब्द मागे राहिला. ब्रिटनमध्ये मात्र ‘बिस्किट’ हाच शब्द रूढ राहिला. त्याचे लॅटिन मूळ ‘दोनदा भाजलेले’ असे आहे. भारतात ब्रिटिशांचा शब्द आला, अमेरिकेत डचांचा टिकला.

३/
अमेरिकेत छापलेले, अमेरिकन लेखिकेचे पहिले पाकशास्त्राचे पुस्तक १७९६ मध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाले. ‘अमेरिकन कुकरी’ हे त्याचे नाव आणि अमेलिया सिमन्स ही लेखिका. त्यात कुकीची कृती आहे. अडीच पौंड मैदा, एक पौंड साखर आणि केवळ चार औंस बटर. साखरेचा पाक करून निववायचा, धण्याची बारीक पूड घालायची, पीठ अर्धा इंच जाड ठेवून हव्या त्या आकारात कापायचे आणि मंद भट्टीत १५ ते २० मिनिटे भाजायचे. पुस्तकात नाताळच्या कुकीची वेगळी कृती आहे. तिची जाडी तर पाऊण इंच सांगितली आहे.

४/
हे प्रमाण आजच्या हिशेबात मांडले तर एक गोष्ट ठळक होते. सिमन्सच्या साध्या कुकीत १०० ग्रॅम मैद्यामागे १० ग्रॅम बटर आणि ४० ग्रॅम साखर पडते. असे पीठ घट्ट असते. भट्टीत त्यातले थोडेसे बटर वितळले तरी मैद्याचा भार मोठा असल्याने पीठ जागचे हलत नाही. अर्धा इंच लाटलेली कुकी पसरून पातळ होण्याची भीती फारशी नव्हती. पण या जाडीची किंमत मोजावी लागे. नाताळच्या कुकीज आरंभी कडक आणि कोरड्या लागतात, मातीच्या भांड्यात घालून तळघरात ठेवल्या तर सहा महिन्यांनी अधिक मऊ होतात, असे लेखिकेनेच नोंदवले आहे. जाड कुकी आणि मऊ कुकी या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

५/
सिमन्सच्या कुकीत पीठ फुलवण्यासाठी ‘पर्ल ॲश’ आहे. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते क्षारयुक्त पाणी गाळून आटवले की पोटॅश मिळे. ते भट्टीत तापवून शुद्ध केले की पांढरी पर्ल ॲश तयार होई. रसायनशास्त्रात हेच पोटॅशियम कार्बोनेट. काच आणि साबण यांच्या कारखानदारीत त्याला मोठी मागणी होती. अमेरिकन संघराज्याने दिलेले पहिले पेटंट याच पदार्थाच्या निर्मितीसाठी होते. ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना ते मिळाले आणि त्यावर अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही होती. यापूर्वी पीठ फुलवायचे तर यीस्ट वापरावे लागे किंवा अंडी खूप वेळ फेटावी लागत.

६/
एकोणिसाव्या शतकात राखेची जागा कारखान्यातील रसायनांनी घेतली. १७९१ मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने मिठापासून सोडा करण्याची पद्धत शोधली होती. १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी अमेरिकेत खाण्याचा सोडा विकायला आरंभ केला. सोड्यासोबत कोरडे आम्ल मिसळले की बेकिंग पावडर होते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये ती तयार केली आणि अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये फॉस्फेट वापरून त्यासाठी पेटंट घेतले. आता चमचाभर पांढऱ्या पुडीने कोणतेही पीठ काही मिनिटांत फुलू लागले.

७/
सोड्याचा स्वभाव दुहेरी आहे. आम्लाशी संयोग झाला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पीठ वर उचलतो. पण आम्ल संपल्यावर उरलेला सोडा पिठाला अल्कधर्मी करतो. अशा पिठात गव्हातील ग्लुटेन सैल पडते, प्रथिने उशिरा घट्ट होतात आणि पृष्ठभाग लवकर तांबूस होतो. परिणाम असा की कुकी आधी फुगते, मग आधार नसल्याने खाली बसते आणि बाजूंनी पसरते. म्हणून कुकी चपटी होते आहे असे पाहून आणखी सोडा घालणारा माणूस तिला अधिकच चपटी करतो. स्वयंपाकघरातील ही चूक सोड्याच्या डब्याइतकीच जुनी असावी.

८/
याच काळात साखरही स्वस्त झाली. अठराव्या शतकात ती प्रामुख्याने कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून येत असे आणि सामान्य घरात जपून वापरली जाई. एकोणिसाव्या शतकात युरोपातील बीटची साखर आणि वाफेवर चालणारे शुद्धीकरणाचे कारखाने यांनी तिचा भाव खाली आणला. कुकीच्या कृतीत साखर आणि बटर यांचा वाटा वाढत गेला. पीठ लाटण्याइतके घट्ट राहिले नाही तेव्हा ते चमच्याने ट्रेवर टाकण्याची पद्धत रुळली. पिठाला आकार आता लाटण्याने मिळत नव्हता. तो ओव्हनमध्ये ठरू लागला.

९/
ओव्हनमध्ये नेमके काय घडते हे येथे पाहणे आवश्यक आहे. तेथे दोन क्रिया एकमेकींशी स्पर्धा करतात. पहिली पसरण्याची. बटर सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, साखर पिठातील ओलाव्यात विरघळते आणि गोळा सैल होऊन वाहू लागतो. दुसरी क्रिया घट्ट होण्याची. अंड्यातील आणि मैद्यातील प्रथिने उष्णतेने आळतात, काही ओलावा उडून जातो आणि गोळा आहे त्या आकारात थिजतो. थिजण्याआधी पसरायला जितका वेळ मिळेल, तितकी कुकी पातळ होते. जाड कुकीचे सारे तंत्र ही पहिली क्रिया लांबवण्यात किंवा दुसरी लवकर घडवून आणण्यात आहे.

१०/
साखरेची भूमिका यात निर्णायक असते. ती केवळ गोडी देत नाही. ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि प्रथिने ज्या तापमानाला आळतात ते तापमान वर नेते. म्हणून जास्त साखरेची कुकी अधिक वेळ द्रवरूप राहते. पांढरी साखर कुकीला पसरट आणि कुरकुरीत करते. ब्राउन शुगरमध्ये काकवीचा अंश असतो. त्यामुळे ती ओलसर आणि किंचित आम्लधर्मी असते. तिने कुकी मऊ राहते आणि सोड्यालाही त्याचा जोडीदार मिळतो.

११/
सामग्री बदलली तशी मोजण्याची रीतही बदलली. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांचे ‘बॉस्टन कुकिंग स्कूल कुक बुक’ प्रसिद्ध झाले. ‘अंदाजाने’, ‘अंड्याएवढे’ अशा मापांऐवजी सपाट भरलेला कप आणि सपाट भरलेला चमचा यांचा आग्रह त्यांनी धरला. १८९९ मध्ये एलेन स्वॅलो रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक प्लॅसिड येथे परिषद घेऊन गृहविज्ञानाला अभ्यासशाखेचे रूप दिले. रिचर्ड्स या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. विद्यापीठांच्या प्रयोगशाळा ज्या काळी बहुतेक स्त्रियांना बंद होत्या, त्या काळी या शाखेतून स्त्रियांच्या एका पिढीने रसायनशास्त्र, आहारशास्त्र आणि व्यवस्थापन यांचे पद्धतशीर शिक्षण घेतले.

१२/
रूथ ग्रेव्ह्ज वेकफिल्ड या त्याच पिढीच्या. जन्म १९०३. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या अध्यापन विद्यालयातून गृहकलांचे शिक्षण घेऊन त्या १९२४ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांनी शिक्षिका आणि आहारतज्ज्ञ म्हणून काम केले. १९३० मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती केनेथ यांनी व्हिटमन या गावी एक जुने घर विकत घेऊन तेथे उपाहारगृह उघडले. नाव ठेवले ‘टोल हाउस इन’. पाटीवर १७०९ हे वर्ष झळकत असे. प्रत्यक्षात इमारत १८१७ ची होती. जुनेपणाचे आकर्षण तेव्हाही व्यापाराच्या कामी येत होते.

१३/
या उपाहारगृहात १९३० च्या दशकात चॉकलेट चिप कुकी जन्माला आली. तिच्या जन्माची दंतकथा जगभर सांगितली जाते. वेकफिल्डबाईंकडचे बेकिंगचे चॉकलेट संपले, म्हणून त्यांनी दुसऱ्या चॉकलेटचे तुकडे पिठात टाकले. ते वितळून पिठात मिसळतील असे त्यांना वाटले, पण तुकडे तसेच राहिले. दुसऱ्या एका कथेत मिक्सरच्या हादऱ्याने फळीवरचे चॉकलेट पिठात पडते. दोन्ही कथांत शोधाचे श्रेय योगायोगाला मिळते. रसायनाचे शिक्षण घेतलेल्या, पाककृतींचे पुस्तक लिहिलेल्या आणि उपाहारगृह चालवणाऱ्या स्त्रीला चॉकलेट कसे वितळते हे ठाऊक नव्हते, असे त्यासाठी मानावे लागते.

१४/
वेकफिल्ड यांनी स्वतः सांगितलेली हकिकत साधी आहे. उपाहारगृहात आइस्क्रीमसोबत बटरस्कॉच आणि सुक्या मेव्याची एक पातळ कुकी दिली जात असे. ती लोकांना आवडत होती, तरी पाहुण्यांना काही निराळे द्यावे म्हणून त्यांनी हा नवा प्रकार मुद्दाम घडवला. या कामात त्यांच्या स्वयंपाकघरातील सू ब्राइड्स यांचाही वाटा होता. त्यांच्या ‘ट्राइड अँड ट्रू रेसिपीज’ या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९३१ ची. १९३८ च्या आवृत्तीत ही कृती ‘टोल हाउस चॉकलेट क्रंच कुकी’ या नावाने आली. ‘क्रंच’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. मूळ कुकी कुरकुरीत व्हावी हाच हेतू होता.

१५/
त्या कृतीत सव्वादोन कप मैदा, एक कप बटर, पाऊण कप पांढरी साखर, पाऊण कप ब्राउन शुगर, दोन अंडी आणि एक चमचा सोडा आहे. चॉकलेटचे तुकडे वाटाण्याएवढे करायचे, अर्धा अर्धा चमचा पीठ ट्रेवर टाकायचे आणि ३७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १९० अंश सेल्सिअसला, १० ते १२ मिनिटे भाजायचे. १०० ग्रॅम मैद्यामागे हे प्रमाण सुमारे ८० ग्रॅम बटर आणि ११० ग्रॅम साखर असे पडते. सिमन्सच्या कुकीच्या तुलनेत बटर आठपट आणि साखर जवळजवळ तिप्पट. १४२ वर्षांत कुकीचे घटकच असे बदलले की पसरणे हा तिचा स्वभाव झाला.

१६/
कुकी लोकप्रिय झाली आणि न्यू इंग्लंड भागात नेस्लेच्या चॉकलेटच्या वड्यांचा खप वाढला. कंपनीने आधी वडीवर खाचा पाडल्या आणि तुकडे करण्यासाठी छोटे हत्यारही दिले. मार्च १९३९ मध्ये वेकफिल्ड यांनी नेस्लेला पाककृती आणि ‘टोल हाउस’ हे नाव वापरण्याचा अधिकार दिला. मोबदला एक डॉलर ठरला होता आणि तोही त्यांना मिळाला नाही, असे सांगितले जाते. त्याच वर्षी चॉकलेटचे तयार थेंब बाजारात आले आणि पाककृती त्यांच्या पाकिटावर छापली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना घरून येणाऱ्या खाऊत या कुकीज असत. सैनिकांनी त्या वाटून खाल्ल्या आणि देशभर त्यांची मागणी पसरली.

१७/
आता ती न छापलेली सूचना. वेकफिल्ड यांच्या ‘टोल हाउस कुक बुक’ या १९५३ मधील पुस्तकात कुकीच्या कृतीला एक पुरवणी आहे. तिचा आशय असा: टोल हाउसमध्ये हे पीठ रात्रभर थंड ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी चमचाभर पीठ तळहातांवर गोल वळून, दोन दोन इंचांचे अंतर राखून ट्रेवर मांडले जाते आणि बोटांनी किंचित दाबले जाते. असे केल्याने कुकी भाजताना फारशी पसरत नाही आणि तिची गोलाई टिकते. पाकिटावरच्या कृतीत यातले काहीच नव्हते. तेथे पीठ कालवून लगेच चमच्याने ट्रेवर टाकण्याची सूचना होती.

१८/
ही सूचना पाकिटावर का आली नाही, याचा तर्क अवघड नाही. पाकिटावरील जागा थोडी असते आणि आज घेतलेले चॉकलेट आजच वापरले जावे असे विक्रेत्याला वाटते. रात्रभर थांबा, असे सांगणारी कृती पाकिटाला सोयीची नाही. मापे सगळी छापली गेली. हाताळणीचा भाग उपाहारगृहातच राहिला. पुढे घराघरांत आईकडून मुलीकडे गेली ती पाकिटावरची कृती. आज ज्यांच्या कुकीज पसरतात, त्यातील अनेकांनी घटक अचूक मोजलेले असतात.

१९/
थंड पीठ कमी पसरते याची कारणे दोन. पहिले उघड आहे: फ्रीजमधील बटर घट्ट असते, ते वितळायला वेळ लागतो आणि तोवर गोळ्याची कड थिजू लागते. दुसरे कारण संथपणे काम करते. या पिठात निराळे पाणी नसते. ओलावा मुख्यतः अंड्यांचा आणि थोडा बटरचा. अंडे पाण्यापेक्षा दाट असल्याने मैद्यात हळू मुरते, शिवाय मैद्याच्या कणांवर बटरचा लेप बसलेला असतो. काही तास गेले की मैदा तो ओलावा शोषून घेतो आणि पीठ घट्ट होते. २००८ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डेव्हिड लाइट यांचा या विषयावरील लेख आला. त्यांनी १२, २४ आणि ३६ तास मुरवलेल्या पिठाच्या कुकीज भाजून पाहिल्या. वेळ वाढला तसा रंग आणि स्वाद गडद होत गेला. वेकफिल्ड यांची ती जुनी सूचनाही या लेखाने पुन्हा वाचकांसमोर आणली.

२०/
पीठ थंड करण्याची युक्ती १९३० च्या दशकातील अमेरिकेला अनोळखी नव्हती. बर्फाच्या पेटीत पिठाची वळकटी ठेवायची आणि ती कापून चकत्या भाजायच्या, अशा ‘आइसबॉक्स कुकीज’ तेव्हा प्रचारात होत्या. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ‘मॉनिटर टॉप’ हा घरगुती रेफ्रिजरेटर बाजारात आणला आणि पुढील काळात थंडपणा स्वयंपाकघरातले नेहमीचे साधन झाला. पूर्वी जाडी मैद्याच्या भाराने टिकत होती. आता तितकेच बटर ठेवूनही ती थंडपणाने टिकवता येणार होती.

२१/
दुसरी वाट स्निग्ध पदार्थाची. १९११ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने सरकीच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ‘क्रिस्को’ हे घट्ट वनस्पती तूप विकायला काढले. ते बटरपेक्षा वरच्या तापमानाला वितळते, म्हणून त्याची कुकी जाड राहते. स्वाद मात्र उणा पडतो. याच तंत्राची एक शाखा मुंबईत रुजली. शिवडीच्या कारखान्यात १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले. घरचे साहित्य बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी हेच तूप वापरले. नानकटाईत अंडे नसते आणि पाणीही जवळजवळ नसते. तरी तूप पातळ असताना पीठ भिजवले तर तीही बसते. तूप थिजलेले घेऊन पांढरे होईस्तोवर फेसावे, हा जाणत्या बायकांचा आग्रह म्हणूनच योग्य ठरतो.

२२/
चपटेपणा सर्वांनाच दोष वाटतो असेही नाही. ओहायो राज्यात वूस्टर येथे १९३६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मऊ गव्हाच्या गुणवत्तेची प्रयोगशाळा स्थापन केली. गव्हाचे नवे वाण बिस्किटांना योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ त्या मैद्याची ठरावीक कृतीने कुकी भाजतात आणि तिचा व्यास मोजतात. फिनी, मॉरिस आणि यामाझाकी यांनी १९५० मध्ये अगदी थोड्या मैद्यावर ही चाचणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. येथे कुकी जितकी रुंद, तितका गहू उत्तम. कारण रुंद पसरणारा मैदा पाणी कमी धरून ठेवतो आणि बिस्किटाच्या कारखान्याला तोच हवा असतो. उलट ब्रेडसाठी वापरला जाणारा, जास्त प्रथिनांचा मैदा पाणी धरतो आणि कुकीला जाड ठेवतो.

२३/
जाड, मध्यभागी मऊ कुकीची आवड नंतरची. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे वॉली ॲमोस यांनी केवळ कुकीज विकणारे दुकान काढले. त्यांच्या कुकीज लहान आणि कुरकुरीत होत्या. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो ॲल्टो येथे डेबी फील्ड्स यांनी मऊ, गरम कुकीज विकायला आरंभ केला आणि लोकांची रुची त्या दिशेने वळली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉनी मॅक्डॉनल्ड आणि पॅम वीक्स यांनी ‘लव्हें बेकरी’ उघडली. त्यांची कुकी सहा औंसांची, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमची. वेकफिल्ड अर्धा चमचा पीठ घेत. येथे मुठीएवढा गोळा आला. मोठ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते. कड थिजून जाते तेव्हाही गाभा उंच आणि ओलसर असतो.

२४/
या इतिहासातून जाड कुकीसाठी निघणारी कृती अशी.
• मैदा कपाने न मोजता वजनाने घ्यावा. सैल भरलेल्या आणि दाबून भरलेल्या कपात २० ते ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो.
• बटर मऊ हवे, पण वितळलेले नको. बोट दाबले तर खळगा पडावा, चकाकी दिसू नये.
• पांढऱ्या साखरेपेक्षा ब्राउन शुगरचे प्रमाण थोडे जास्त ठेवावे.
• सोडा मोजूनच घालावा.
• पीठ झाकून किमान काही तास, शक्यतो रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावे.
• गोळे मोठे आणि उंच वळावेत व थंड असतानाच भाजायला ठेवावेत.
• ट्रे गार असावा आणि त्याला तूप न लावता बेकिंगचा कागद घालावा. गरम ट्रेवर बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळते.
• ओव्हन आधी पूर्ण तापू द्यावा. मंद आच म्हणजे पसरायला जास्त वेळ.

२५/
रूथ वेकफिल्ड १९७७ मध्ये निवर्तल्या. टोल हाउस इनची इमारत १९८४ च्या शेवटच्या रात्री आगीत जळाली; व्हिटमनमध्ये तिची पाटी मागे राहिली. त्यांच्या कुकीचे नाव जगभर गेले, पण सोबत गेलेली कथा योगायोगाची होती आणि सोबत गेलेल्या कृतीत रात्रभराची विश्रांती नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात: शिकलेल्या, प्रयोग करणाऱ्या स्त्रीचे ज्ञान त्यांतून वगळले जाते. जुन्या पाककृती अभ्यासताना मापांइतकेच हाताळणीकडे लक्ष द्यावे लागते, आणि ती कुठे छापली गेली नाही हेही शोधावे लागते. या प्रकरणात तो शोध फार दूर नव्हता. वेकफिल्ड यांच्याच पुस्तकात, त्याच कुकीच्या कृतीखाली, पीठ रात्रभर थंड ठेवण्याची सूचना छापलेली होती.